डिझेल फिल्टर घरी बदलताना

आठवडी बाजारावर ज्यांचा धंदा उभा आहे, त्यांच्यासाठी पिकअप म्हणजे चाकावरचे दुकानच. वणीहून पहाटे माल भरून मारेगाव, मुकुटबन, पांढरकवडा, घुग्गुस किंवा वरोऱ्याकडे निघालेली गाडी वाटेत बंद पडली की तो बाजार गेला. पुढचा बाजार आठ दिवसांनी. आमच्या कापडाच्या धंद्यात लग्नसराई आणि सणाचे मोजके बाजार वर्षाची कमाई देतात. बांगड्यावाले, गादीवाले, भांडीवाले, फळवाले यांचेही तेच. म्हणून गाडीतील एका लहानशा वस्तूविषयी आज आम्ही सविस्तर लिहीत आहोत. ती वस्तू म्हणजे डिझेल फिल्टर.

आम्ही इंजिनचे उस्ताद नाही, कापडाचे व्यापारी आहोत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि गाडीसोबतची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. तरी हे काम समजण्यासारखे आहे आणि ज्याच्या हाताला सफाई आहे त्याला घरी करता येते. मात्र ते कोठपर्यंत आपले आणि कोठून मिस्त्रीचे, ही हद्द आधी समजून घेतली पाहिजे.

फिल्टर नेमके काय करतो

पेट्रोल इंजिनात ठिणगी देणारा प्लग असतो, तसा डिझेल इंजिनात नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते पेटते. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली असे इंजिन यशस्वी करून दाखवले. पण ते मोटारीच्या आकारात आणण्यासाठी डिझेल नेमके मोजून जोराने फवारणारा पंप हवा होता. १९२७ साली बॉश कंपनीने असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवण्यास सुरुवात केली आणि डिझेल गाड्यांचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे मिस्त्री लोक ज्याला ‘मायको पंप’ म्हणतात, तो मायको या कंपनीचा. ही बॉशची भारतातील कंपनी. ती १९५१ साली बंगळूरला सुरू झाली आणि २००८ पासून बॉश हेच नाव लावते. तिच्या नाशिकच्या कारखान्यात इंजेक्टर व नोझल तयार होतात.

या पंपाच्या आतील दट्ट्या आणि त्याचे घर यांच्यातील फट मिलीमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर ही फट दोन-चार मायक्रॉनची. एवढ्या फटीत धुळीचा कण शिरला की लोखंडावर ओरखडा उठतो आणि मग पंप दाब धरत नाही. पंपाला वेगळे ऑईल मिळतेच असे नाही. पुष्कळ पंपांत आतून फिरणारे डिझेलच वंगणाचे काम करते. त्यात पाणी आले तर वंगण जाते आणि गंज येतो.

म्हणून फिल्टरची कामे दोन. कचरा गाळणे आणि पाणी वेगळे करणे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते फिल्टरच्या तळाशी बसते आणि खालचा स्क्रू सैल करून काढून टाकता येते. फिल्टर काही शे रुपयांत येतो. नव्या गाडीचा एक इंजेक्टर हजारांत जातो आणि चार सिलिंडरच्या इंजिनाला असे चार लागतात. स्वस्त वस्तू महाग वस्तूची राखण करते, हे एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

वणी भागातील खास अडचण

आपल्या तालुक्यात उकणी, निलजई यांसारख्या कोळसा खाणी आहेत. कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. राजूरकडे चुन्याची धूळ, इतर रस्त्यांवर काळ्या मातीची. ही धूळ मुख्यतः हवेच्या फिल्टरवर बसते हे खरे. पण ती डिझेल टाकीच्या झाकणाभोवतीही साचते आणि फिल्टरच्या डोक्यावरही थर धरते. झाकण न पुसता उघडले, किंवा फिल्टर बदलताना वरचा थर आत पडला, तर नवा फिल्टर बसवूनही कचरा पुढेच गेला. धुळीच्या मुलखात फिल्टर बदलण्यापेक्षा तो स्वच्छतेने बदलणे हे मोठे काम आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा असते. पावसाळ्यात त्या हवेतील ओलावा रात्री थंड पत्र्यावर थेंब होऊन डिझेलमध्ये उतरतो. बाजारातून संध्याकाळी परतताना टाकी भरून घ्यावी, म्हणजे हा त्रास कमी होतो. ड्रम किंवा कॅनमधील डिझेल टाकावेच लागले तर ते काही तास स्थिर ठेवावे, वरवरचे घ्यावे आणि तळाचे सोडून द्यावे.

बदलायची वेळ कशी ओळखावी

किती किलोमीटरवर बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलाकडून तेवढे पान वाचून घ्यावे आणि आकडा आपल्या वहीत लिहून ठेवावा. खाण भागात नेहमी फिरणाऱ्याने किंवा कॅनचे डिझेल वापरणाऱ्याने त्या आकड्याच्या थोडे आधीच बदलावा.

खुणा अशा : सकाळी गाडी उशिरा सुरू होते, भरलेली गाडी चढणीवर ओढत नाही, वेग घेताना धक्के देते, मिसिंग करते, काही गाड्यांत पाण्याचा दिवा लागतो. पण याच खुणा हवेचा फिल्टर तुंबल्याने, नळीला चीर पडून हवा शिरल्याने किंवा फीड पंप कमजोर झाल्यानेही दिसतात. म्हणून आधी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे ठेवावे. तळाशी पाण्याचा थर, तांबूस गंज किंवा काळा चिकट गाळ दिसला तर दोष कोठे आहे ते कळले.

आपली गाडी कोणत्या जातीची

पिकअपमध्ये ढोबळ मानाने दोन पद्धती आढळतात.

पहिली जुनी, यांत्रिक पंपाची. काही जुन्या जीप आणि टेम्पोंमध्ये दोन वाट्यांचा फिल्टर असे. पहिल्या वाटीत कापडाचा किंवा नमद्याचा गाळा, दुसरीत कागदाचा. कापडवाल्याला हे लगेच उमगेल : आधी जाड विणीतून, मग बारीक विणीतून. पुढे एकच पत्र्याचा डबा आला. त्याच्या आत चुण्या घातलेला कागद असतो. चुण्यांमुळे लहान डब्यात पुष्कळ कागद मावतो, जसा घेरदार घागऱ्यात पुष्कळ कापड मावते.

दुसरी पद्धत कॉमन रेलची. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल पिकअप सर्वसाधारणपणे याच पद्धतीच्या आहेत, आणि त्याआधीच्याही काही आहेत. यात डिझेल एका जाड नळीत भयंकर दाबाखाली साठवले जाते. आपण टायरमध्ये पन्नास-साठ पौंड हवा भरतो. कॉमन रेलमधला दाब पंधरा हजार पौंडांच्याही वर जातो. म्हणून या दोन जातींना एकच रीत लावू नये. आपली गाडी कोणती, हे मिस्त्रीला विचारून पक्के केल्याखेरीज पाना हातात धरू नये.

सामान आणि कापडाची निवड

नवा फिल्टर, त्यासोबतच्या नव्या रबर रिंगा, योग्य मापाचे पाने, फिल्टर सोडवायचा पट्टा-पाना, पसरट भांडे, काचेची बाटली, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि जवळ वाळूची बादली. आग विझवायचे सिलिंडर असेल तर अधिक चांगले.

फिल्टर बिलावर घ्यावा. डब्यावरील नंबर जुन्याशी ताडून पाहावा. दिसायला सारखा असलेला डबा आतून वेगळा असू शकतो. छपाई पुसट, रिंग कडक किंवा सैल, भाव फारच कमी असे असेल तर तो माल परत करावा. नकली सुताला अस्सल म्हणून विकणाऱ्याला आपण बाजारात ओळखतो, तीच नजर येथेही वापरावी.

आता कापडाविषयी, कारण तो आमचा विषय आहे. पुष्कळ ठिकाणी गाडी पुसायला चिंध्या, जुना टॉवेल किंवा कापसाचा गुंता वापरतात. बाहेरून ग्रीस पुसण्यास ते ठीक. पण फिल्टर बसतो त्या तोंडाला ते कदापि लावू नये. टॉवेलचे फंदे, फ्लॅनेलची लव आणि कापसाचा तंतू सुटून आत जातो. गादीकाम करणाऱ्या आमच्या बांधवांना हा तंतू किती बारीक उडतो ते सांगायला नको. या कामाला दाट विणीचे, अनेकदा धुतलेले पॉपलिन घ्यावे. नव्या कापडाला खळ असते, म्हणून धुतलेले. कडा शिवलेल्या असाव्यात, म्हणजे दोरे निघत नाहीत. जुन्या सदऱ्याची पाठ या कामाला उत्तम.

काम सुरू करण्यापूर्वी

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. परंतु भारतीय मानकाप्रमाणे डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकेल ते तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस असावे एवढीच अट आहे. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. म्हणजे भर उन्हाळ्यात डिझेलही वाफ सोडते. म्हणून हे काम सकाळी गारव्यात, मोकळ्या हवेत करावे. बिडी-सिगारेट, स्टोव्ह, वेल्डिंग यांपासून दूर. कापडाच्या गोदामात किंवा कापसाजवळ तर मुळीच नाही.

गाडी आदल्या दिवशी धुऊन ठेवावी. सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकाखाली दगड लावावा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार काढावी. मुले जवळ नकोत. आणखी एक : नळीने तोंडाने डिझेल ओढण्याची सवय सोडावी. घशातून ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर ओकारी काढू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

क्रमवार कृती

१) फिल्टर, त्याचे डोके आणि नळ्यांचे सांधे आधी साध्या कापडाने आणि मग पॉपलिनने पुसून काढावेत. या पायरीवर घाई नको. निम्मे काम येथेच होते.

२) खाली भांडे ठेवून तळाचा स्क्रू सैल करावा व डिझेल गळू द्यावे. पाण्याची खूण देणारी वायर असेल तर तिची क्लिप दाबून अलगद काढावी, ओढू नये.

३) नळ्या काढाव्या लागत असतील तर कोणती कोठे होती याची खूण धाग्याने बांधून ठेवावी : आत येणारीला लाल, बाहेर जाणारीला पांढरा. उघडी तोंडे स्वच्छ प्लास्टिकने झाकावीत.

४) डबा पट्टा-पान्याने सोडवावा. जुनी रबर रिंग वर चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. जुन्या रिंगेवर नवी बसली तर सांधा गळतो किंवा हवा ओढतो.

५) जुन्या फिल्टरमधले डिझेल बाटलीत ओतून तपासावे. पाणी किंवा गंज फार असेल तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी साफ करून घ्यावी लागेल.

६) नव्या रिंगेला स्वच्छ डिझेलचे बोट लावावे. जुन्या पद्धतीच्या गाडीत डबा आधी डिझेलने भरून बसवला तर हवा काढणे सोपे जाते. पण तो कडेच्या लहान छिद्रांतूनच भरावा. बहुतेक डब्यांत मधले मोठे भोक गाळलेल्या डिझेलचे असते. त्यात ओतले तर न गाळलेले डिझेल थेट पंपात जाते. कॉमन रेलच्या गाडीत डबा आधी भरू नये, असे अनेक कंपन्या सांगतात. तेथे तो कोराच बसवावा.

७) डबा हाताने फिरवावा. रिंग टेकल्यावर फिल्टरवर छापले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, आवळावा. पान्याने जोर लावून आवळू नये. तळाचा स्क्रू व वायर परत लावावी.

हवा काढणे

गाडीने हवा धरली की ती सुरू होत नाही. पुष्कळ जण येथेच अडतात आणि बॅटरी उतरवून बसतात.

जुन्या पद्धतीत फिल्टरच्या डोक्यावरील हवेचा स्क्रू थोडा सैल करावा आणि हातपंप मारावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार सलग झाली की पंप मारता मारताच स्क्रू बंद करावा. पंपावर असा स्क्रू असल्यास तेथेही तेच करावे. एवढ्यानेही सुरू झाली नाही तर नोझलच्या नळ्या सोडवण्याचे काम मिस्त्रीवर सोपवावे. त्या फवाऱ्यालाही कातडी भेदण्याइतका जोर असतो.

कॉमन रेलमध्ये हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबावा. विजेचा पंप असलेल्या गाडीत बॅटरी जोडून चावी फक्त चालू स्थितीत थोडा वेळ ठेवावी, बंद करावी, असे काही वेळा करावे. जाड लोखंडी नळ्यांच्या नटांना मात्र हात लावू नये. तेथून सुटलेला फवारा हातमोज्यासकट कातडीत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतले मांस सडते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच क्षणी मोठा दवाखाना गाठावा आणि डिझेल दाबाने आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायला कधीही बोट फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये एक मिनिट विश्रांती द्यावी. गाडी सुरू झाली की पाच मिनिटे तशीच चालू ठेवून सांधे पाहावेत. मग रिकामी गाडी गावाभोवती एक फेरी मारून आणावी व पुन्हा पाहावे. डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहावेत. बाजाराच्या दिवशी पहाटे हे काम काढू नये. निदान एक दिवस आधी करावे.

हिशेब

मजुरीचे दोन-तीनशे रुपये वाचले एवढाच फायदा पाहणारा व्यापारी अर्धाच हिशेब करतो. समजा, एका बाजारात पंधरा हजारांची विक्री होते आणि शेकडा बारा नफा सुटतो. म्हणजे अठराशे रुपये. सोबतच्या माणसाची रोजी सहाशे. वाटेत गाडी बंद पडली तर माल परत आणण्याचे भाडे पंधराशे. एक बाजार चुकला की एकोणचाळीसशेचा खड्डा, आणि दुसऱ्या दुकानाकडे वळलेले गिऱ्हाईक वेगळेच. फिल्टरचा खर्च या वहीत मांडून पाहावा.

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर मात्र हे काम कंपनीच्या अधिकृत गॅरेजमध्येच करावे आणि बिल जपून ठेवावे. घरी केलेल्या कामावर बोट ठेवून पुढे हमी नाकारली जाऊ शकते. चारशे रुपये वाचवताना चाळीस हजारांचा दावा घालवणे शहाणपणाचे नाही.

काम झाल्यावर

उरलेले घाण डिझेल नालीत किंवा निर्गुडेच्या पात्रात ओतू नये. टाकीतही परत टाकू नये आणि चुलीसाठीही वापरू नये. कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. पाण्याच्या बाटलीत तर कधीच ठेवू नये. तहानेने कोणीही ती तोंडाला लावील. डिझेलचे बोळे मोकळ्यावर वाळवून मग टाकावेत. हात साबणाने दोनदा धुतल्याखेरीज मालाला हात लावू नये. साडीला लागलेला डिझेलचा वास धुतल्यावाचून जात नाही, आणि एकदा धुतलेली साडी नवी म्हणून विकता येत नाही.

पावसाळ्यात दर आठवड्याला तळाचा स्क्रू सैल करून पाणी पाहावे. पहिल्या वेळी ओळखीच्या मिस्त्रीला शेजारी बसवून, त्याची मजुरी देऊन, हे काम त्याच्या नजरेखाली करावे. ती मजुरी म्हणजे शिकवणीची फी समजावी. दुसऱ्या वेळी घरातील तरुण मुलाला शेजारी बसवावे. जो मुलगा कापडाचा पोत बोटाने ओळखतो, त्याला डिझेलमधला कचराही ओळखता आला पाहिजे. आजच्या धंद्यात दोन्हींची गरज आहे.